अमेरिकेतली लढाई, वऱ्हाडातली ज्वारी

१८६३ च्या मे महिन्यात लंडनच्या 'टाइम्स'मध्ये अब्रूनुकसानीच्या एका खटल्याची हकीकत छापून आली. फिर्यादी बिअर गाळणारे होते. कुणीतरी जाहिरात देऊन त्यांना 'सुरती' ठरवलं होतं, आणि धंद्याचं नुकसान झालं म्हणून त्यांना भरपाई हवी होती. लँकेशायरमध्ये त्या दिवसांत हलक्या, भेसळीच्या कुठल्याही मालाला सुरती म्हणत. मुंबई बंदरातून गेलेला कापूस भडोचचा असो, धारवाडचा असो की वऱ्हाडातला, तिकडे तो सुरतेच्याच नावाने विकला जाई. गिरणी कामगारांना तो डोळ्यांसमोर नको असे.

त्यांचा राग खोटा नव्हता. या कापसाचा धागा आखूड, त्यामुळे सूत सारखं तुटे आणि ते सांधण्यात कामगाराचा दिवस जाई. रुईत सरकी, पाला आणि माती असे. वजन भरावं म्हणून कधी पाणीही मारलेलं असे. मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदाच करावा लागला. एवढं असूनही १८६२ मध्ये ब्रिटनने आयात केलेल्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस हिंदुस्थानातला होता. दोनच वर्षांपूर्वी हा वाटा जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा होता.

मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि आठवड्याभरात अध्यक्ष लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्या त्याच बंदरांतून येणाऱ्या कापसावर चालत. १८६२ च्या अखेरीस तिथे सुमारे पाच लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. गुलामांनी पिकवलेला कापूस अडला तेव्हा गिरणीमालकांनी नकाशावर दुसरं बोट ठेवलं ते गुजरात, खानदेश, वऱ्हाड, नागपूर आणि धारवाडवर.

वऱ्हाड तेव्हा इंग्रजांकडे येऊन फार दिवस झाले नव्हते. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने १८५३ मध्ये तो मुलूख त्यांच्या ताब्यात दिला होता. काळी जमीन, 'बनी' आणि 'जरी' या कापसाच्या जाती आणि अमरावती, खामगाव, कारंजा, शेजारचं हिंगणघाट अशा बाजारपेठा मात्र इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून होत्या. पूर्वी इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून पाचशे मैल दूर, गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. १८२५-२६ च्या सुमाराला विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी तो पश्चिमेला वळवून मुंबईला आणायला सुरुवात केली. तरी वाट बैलांचीच होती, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली गाडी निघायला दिवस लागत.

युद्ध सुरू झालं तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे घाटात अडकलेली होती. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ च्या पहिल्या दिवशी. नागपूरला गाडी पोचली १८६७ मध्ये. म्हणजे भाव गगनाला भिडले तेव्हा वऱ्हाडच्या कापसाचा बराचसा प्रवास गाडीबैलांवर झाला, आणि रूळ नागपूरपर्यंत आले तोवर युद्ध संपून दोन वर्षं होत आली होती. हा उशीर पुढे महाग पडला. रेल्वे कापसासाठी घाईने बांधली गेली, पण तिचा खरा उपयोग वेगळ्याच मालासाठी आणि वेगळ्याच प्रसंगी झाला.

मुंबईत काय झालं ते मराठी वाचकाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. कापसाचा भाव चार-पाच पटींनी चढला. नेहमीच्या दराने मिळाले असते त्यापेक्षा पाच वर्षांत सात-आठ कोटी पौंड जास्तीचे मुंबईत आले, असा त्या काळचा अंदाज आहे. लोकांनी गाद्या-उशा उसवून जुनी रुई लिव्हरपूलला रवाना केल्याच्या हकिकती आहेत. बॅक बे भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. दलाल प्रेमचंद रायचंदांची चिठ्ठी म्हणजे रोकड होती. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजारांवर भरली. या सगळ्यावर एवढं लिहिलं गेलं आहे की त्या झगमगाटात वायदेबाजाराबाहेरचं काही दिसतच नाही. या आठ लाख तोंडांना भाकरी कुठून येत होती, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो.

भाकरी येत होती ती ज्या जमिनीत कापूस पेरला जात होता त्याच जमिनीतून.

वऱ्हाडी शेतीचं गणित कापूस आणि ज्वारीच्या फेरपालटीवर चाले. एका वर्षी कापूस, त्यात तुरीच्या ओळी. पुढच्या वर्षी ज्वारी. ज्वारीने दाणे दिले की कडबाही दिला, आणि कडब्यावर बैल जगले. कापूस सरकी देतो, पण वैरण देत नाही. पळाटी चुलीत जाते. चांगल्या सालाची जादा ज्वारी पेवात जाई. पेव म्हणजे कोरड्या जागी खणलेला खड्डा. त्याला आतून कडब्याचं किंवा गवताचं अस्तर लावत आणि तोंड मातीने लिंपून टाकत. नीट बंद केलेल्या पेवात ज्वारी काही वर्षं टिके. गावाला हा विमाच होता, आणि त्याचा हप्ता कुणाला रोखीत भरावा लागत नसे. बलुतेदार आणि मजूर यांचंही पोट या साठ्याशी बांधलेलं होतं, कारण त्यांना मिळायचं ते धान्यातच.

युद्धाच्या भावाने या फेरपालटीला धक्का दिला. ज्याच्याकडे जमीन होती त्याने ज्वारीची पाळी चुकवून लागोपाठ कापूस लावला. पडीक आणि चराईची जमीन नांगराखाली आली. वेचणीला माणसं मिळेनात म्हणून मजुरी चढली. मुंबईत धान्याचा भाव वाढला तशी ज्वारी विकणंही फायद्याचं झालं, आणि पेवं उघडली जाऊ लागली. गावाबाहेर जाणाऱ्या दाण्याला आता भाव होता. गावात राहणाऱ्या दाण्याला तो नव्हता.

इथे जपून बोलायला हवं. या काळातली कापसाची सगळी वाढ ज्वारीला हुसकून झाली, असं म्हणता येत नाही. त्यातला मोठा हिस्सा नव्याने नांगरलेल्या जमिनीचा होता. पैसाही खरोखर आला. वऱ्हाडच्या कुणब्याने लग्नं थाटात केली, वाडे बांधले, सोनं केलं. काही शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशीही एक कहाणी त्या काळच्या लिखाणातून फिरते. तीत मीठमसाला असणारच, कारण चांदीची धाव काळ्या मातीत एक पावसाळाही टिकायची नाही. पण परक्या अधिकाऱ्यांना असं काही खरं वाटावं इतपत पैसा डोळ्यांना दिसत होता.

दख्खनमध्ये, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांची गोष्ट निराळी. इंदापूर, भीमथडी, शिरूर हा बाजरी-ज्वारीचा कोरडवाहू मुलूख. कापसाचं मोठं पीक तिथे नव्हतं. तरीही युद्धाची झळ, म्हणजे आधी ऊब, तिथवर पोचलीच. रेल्वेच्या बांधकामावर मजुरी मिळाली. मुंबईच्या मागणीने बाजरीला कधी नव्हे तो भाव आला. मारवाडी आणि गुजर सावकारांना पैसा खेळवायला जागा हवी होती, आणि चढत्या भावाच्या जमिनीइतकं चांगलं तारण दुसरं नव्हतं. कुळाला कर्ज सहज मिळू लागलं. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. कायदा ऋणकोच्या हितासाठी होता, पण त्याचा परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि कर्ज न फिटता वाढत राही.

सरकारलाही भाव दिसत होते. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापुरातून सुरू केलेल्या जमाबंदीची तीस वर्षांची मुदत १८६६ च्या सुमारास संपली आणि फेरआकारणी आली. जमीन किती पिकते याबरोबरच पिकाला बाजारात काय मिळतं हेही ती बघत होती, आणि बाजारात जे मिळत होतं ते युद्धाचं होतं. १८६७ मध्ये इंदापूरचा सारा मोठ्या फरकाने चढला. इतर तालुक्यांचीही पाळी आली. चार वर्षांच्या भावावर तीस वर्षांचा सारा बसला, असं म्हटलं तर फारसं चुकत नाही. एखाद्या माणसाच्या लग्नातला पोशाख बघून त्याचा पगार ठरवावा, तशातला हा प्रकार.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला. वायद्यांचा हिशेब चुकता करायची तारीख होती १ जुलै. त्या दिवशी शहरातल्या बड्या पेढ्या कशा बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये कशी गुंडाळावी लागली, हे सर्वश्रुत आहे. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६ लाख ४४ हजारांवर आली होती. शहराने आपला भुर्दंड असा लवकर भरला. प्रेमचंदांनी युद्धाच्या भरात दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला, तोवर दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडून गेला होता.

गावाला भुर्दंड भरायला वेळ लागला. कापसाचे भाव घसरले तरी काही वर्षं बरे होते, त्यामुळे धक्का एकदम बसला नाही. मग रेल्वेची कामं आटोपली, मजुरी थांबली. सत्तरच्या दशकात धान्याचे भाव उतरले. सारा मात्र युद्धाच्या मापाचा राहिला आणि रोखेही त्याच मापाचे. पुणे सार्वजनिक सभेने १८७३ पासून या साऱ्याविरुद्ध आवाज उठवला. ऑक्टोबर १८७४ मध्ये मुंबई सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली: तालुक्यावर किंवा गावांच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के, एका खातेदारावर १०० टक्के. मर्यादा शंभर टक्क्यांवर घालावी लागते तेव्हा तिच्या आधी काय चाललं असेल, याचा अंदाज येतो.

१२ मे १८७५ हा भीमथडी तालुक्यातल्या सुप्याचा बाजाराचा दिवस होता. जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर धाड घातली. माणसं मारणं हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना रोखे, खतावण्या आणि कोर्टाच्या हुकमांचे कागद हवे होते. पुढचे काही आठवडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरत गेलं. सरकारने चौकशी मंडळ नेमलं, आणि त्याच्या अहवालात अमेरिकेतल्या युद्धाच्या काळात वाढलेल्या कर्जाचा हिशेबही निघाला. दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा १८७९ मध्ये झाला. मधल्या चार वर्षांत मोठा दुष्काळ येऊन गेला होता.

इथे एका माणसाकडे वळायला हवं. कापसाच्या तेजीत नागपूरला मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते रिचर्ड टेंपल. कापसाच्या रस्त्यांचं आणि बाजारपेठांचं महत्त्व त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १८७४ मध्ये बिहारच्या टंचाईत त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली. १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्यांनाच दुष्काळी मुलखात पाठवलं तेव्हा ते धडा शिकून आले होते. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा एवढी मजुरी त्यांनी ठरवली. मुंबई इलाख्यात लोकांनी कामं सोडली. सार्वजनिक सभेने सरकारशी झगडा मांडला. धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही, या धोरणाला सरकार चिकटून राहिलं.

रेल्वेचा खरा उपयोग इथे दिसला. कापूस वाहून नेण्यासाठी बांधलेल्या रुळांवरून १८७७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडची ज्वारी, गहू दक्षिणेकडे चालले होते. दुष्काळी मुलखात धान्य पोचत होतं, ही जमेची बाजू. पण ते पोचत होतं ते भाव देणाऱ्याकडे. आणि जिथे पीक ठीक आलं होतं तिथल्या भूमिहीन मजुरालाही आता दुष्काळी सोलापूरचा भाव मोजून खावं लागत होतं. पूर्वी शेजारच्या जिल्ह्यातली टंचाई घाटापलीकडे राहायची. आता ती गाडीत बसून यायची.

गाव असं बाजाराला बांधलं गेलं, याला नुसता योगायोग म्हणता येत नाही, कारण काही लोकांना नेमकं हेच हवं होतं. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त. १८६९ च्या सुमारास त्यांनी मोकळेपणाने मांडलेला हिशेब असा होता: रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल, मग इथे सुतात जाणारा कापूस परदेशी जाईल, आणि कातणारे-विणणारे रिकामे झाले की शेतमजुरीला मिळतील, रानं तोडून आणखी कापूस पेरता येईल. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंब–खामगाव हा फाटा त्यांच्या हस्ते सुरू झाला. विंथरटुर आणि मुंबई अशी दोन घरं असलेली फोल्कार्ट ही स्विस पेढी आणि ग्रीकांची रॅली ब्रदर्स यांचे लोक वऱ्हाडच्या बाजारांत दिसू लागले. चरखीवर सरकी काढणाऱ्या बायांचं काम वाफेच्या जिनांकडे जाऊ लागलं, गाठी प्रेसमध्ये बांधल्या जाऊ लागल्या. युद्ध संपलं तरी त्याने उभारलेली ही सगळी यंत्रणा मागे राहिली, आणि तिला दरवर्षी कापूस लागे.

लँकेशायर तर पुन्हा अमेरिकेकडे वळलं होतं. वऱ्हाडचा आखूड कापूस सुएझमार्गे युरोपातल्या गिरण्यांना जाऊ लागला, पुढे जपानला. १८९३ मध्ये मुंबई–कोबे जहाजं सुरू झाली, त्यात जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. गिऱ्हाईक बदललं, पीक तेच राहिलं.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ वऱ्हाडात खोलवर उतरले. पहिल्यात दमछाक झालेल्या माणसांना आणि जनावरांना दुसऱ्याने गाठलं. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. पाऊस पडला नाही हे खरंच, आणि त्याचा दोष कुठल्याही युद्धाला देता येणार नाही. पण पाऊस न पडण्याचे प्रसंग त्या मुलखाने पूर्वीही सोसले होते, पेवातल्या ज्वारीवर. आता हातात पैसा असेल तर धान्य होतं. कापूस जळाल्यावर पैसा कुठून येणार, याचं उत्तर बाजारापाशी नव्हतं. इजिप्तनेही याच युद्धात कापसावर कमावलं, त्या जोरावर कर्जं काढली, आणि १८७६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. तिकडे कर्जासाठी देशच गहाण पडला, इकडे शेतं.

नंतरच्या युद्धांनी हाच खेळ उलटसुलट खेळला. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रिया ही गिऱ्हाइकं काही दिवसांतच शत्रू झाली आणि वऱ्हाडच्या कापसाचा भाव पडला. युद्धाच्या शेवटी तो पुन्हा भडकला, आणि १९१८ मध्ये पाऊस दगा देऊन गेला तेव्हा इन्फ्लुएंझाच्या साथीबरोबर धान्याची महागाईही आली.

दुसऱ्या महायुद्धाने तर चाक पुरतं उलटं फिरवलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि आखूड कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबई आणि कोकण तर त्या तांदळावर अनेक वर्षं विसंबलेले होते. त्या वर्षी सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. २ मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग सुरू झालं. ज्या सरकारने कापसाच्या बियाण्यासाठी, रस्त्यांसाठी आणि रुळांसाठी ऐंशी वर्षं खटपट केली होती, तेच आता कापूस कमी करा म्हणून शेतकऱ्याच्या मागे लागलं. मुंबई इलाख्यात १९४४ मध्ये त्यासाठी कायदा झाला, आणि जमिनीचा ठरावीक हिस्सा अन्नपिकांखाली ठेवणं खानदेशातल्या कापूसवाल्यांवर बंधनकारक होऊ शकलं. देशभरात कापसाखालचं क्षेत्र १९४१-४२ मधल्या सुमारे २ कोटी ४० लाख एकरांवरून तीन वर्षांत १ कोटी ५० लाखांच्या आसपास आलं.

ज्वारी पुन्हा पेरली गेली, पण पेवात जाण्यासाठी नव्हे. साऱ्याच्या प्रमाणात लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली, ठरली, खळ्यावरून धान्य सरकारी गोदामात जाऊ लागलं, आणि कुठल्या जिल्ह्यातून कुठे न्यायचं त्याला परवाना लागू लागला. युद्ध १९४५ मध्ये संपलं. डिसेंबर १९४७ मध्ये गांधींच्या आग्रहाने नियंत्रणं उठली, भाव भडकले, आणि १९४८ च्या सप्टेंबरात ती परत आली.